पाळी गेल्यानंतरचा चहा: किती, केव्हा आणि कशाबरोबर

पाळी जाऊन वर्ष उलटले की बाईला सगळीकडून सल्ले मिळू लागतात आणि त्यांत एक हमखास असतो: आता चहा बंद करा, नाहीतर हाडे ठिसूळ होतील. सल्ला देणाऱ्याच्या हातात त्या वेळी बहुधा चहाचाच कप असतो. माझी पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबली, तेव्हा मी हा सल्ला मनावर घेऊन तीन आठवडे चहा सोडला होता. त्यातून निष्पन्न एवढेच झाले की सकाळी डोके ठणकू लागले आणि चहातून जे दूध पोटात जात होते तेही बंद पडले. नंतर या विषयावर जे वाचले आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, त्याचे सार असे की थोडे कॅल्शियम चहामुळे जाते खरे, पण ते फारच थोडे. खरे नुकसान होते ते चहाची वेळ चुकल्याने, त्याच्या घोटाबरोबर भलती गोळी गिळल्याने आणि दूधदुभते व नाचणी यांची जागा चहाने घेतल्याने. ज्यांची पाळी नुकतीच गेली आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे, त्यांना आपला दिवस कसा लावून घेता येईल हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे.

आधी शरीरात काय घडते ते

हाड हे जन्मभर मोडत आणि बांधत राहणारे काम आहे. काही पेशी जुने हाड कुरतडतात, काही नवे भरतात. कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम इस्ट्रोजेन करते. पाळी जाताना हे संप्रेरक एकदम खाली येते, आवर सुटतो आणि भर पडण्यापेक्षा झीज जास्त होऊ लागते. ही घसरण सर्वांत वेगाने होते ती पहिल्या पाच-सात वर्षांत. तेवढ्या काळात हाडांच्या घनतेचा दहा टक्के आणि काहींच्या बाबतीत वीस टक्क्यांपर्यंतचा भाग जाऊ शकतो. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांच्या चार-पाच वर्षे आधी. त्यामुळे आपल्याकडे पन्नाशीला आलेली बाई या उतारावर बरीच पुढे गेलेली असते, आणि तिला काहीही दुखत नसते. हाडांची झीज दुखत नाही. दुखते ते हाड मोडल्यावर.

आता चहाकडे येऊ. त्यातल्या तीन गोष्टींवर आरोप होतो. पहिली कॅफीन. त्यामुळे लघवीवाटे थोडे जास्त कॅल्शियम बाहेर पडते आणि आतड्यातले शोषण किंचित घटते. अमेरिकेत ओमाहा येथील क्रेटन विद्यापीठातले रॉबर्ट हीनी यांनी कॅल्शियमच्या जमाखर्चावर अनेक दशके काम केले. त्यांच्या गटाच्या मोजणीनुसार साधारण १८० मिलिलिटर कॉफीमागे शरीराला दिवसाकाठी ४.६ मिलिग्रॅम कॅल्शियमची तूट येते. चहात कॅफीन कॉफीहून कमी, म्हणून तूटही कमी. एवढी तूट भरून काढायला एक मोठा चमचा दूध पुरते, आणि आपल्या नेहमीच्या चहात त्याच्या तिप्पट-चौपट दूध असते.

दुसरा आरोप ऑक्झलेटवर. पानांमध्ये असणारे हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते, पण कपभर चहात ते पालकाच्या मानाने थोडेच उतरते. पालकातले कॅल्शियम जेमतेम पाच टक्के अंगी लागते, तर दुधातले तीस टक्क्यांच्या आसपास. कोऱ्या चहाचे पेल्यावर पेले पिणाऱ्यांनी, आणि विशेषतः ज्यांना मुतखड्याचा त्रास झाला आहे त्यांनी, याचा विचार जरूर करावा. तिसरा आरोप टॅनिनवर, म्हणजे चहाला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यावर, आणि तो बहुतेकदा चुकीच्या खात्यावर मांडला जातो: टॅनिन अडवते ते धान्य-भाजीतल्या लोहाला, तेही चांगल्यापैकी, पण कॅल्शियमवर त्याचा परिणाम क्षुल्लक असतो. ‘चहाने कॅल्शियम जाते’ ही समजूत पसरण्यामागे लोह आणि कॅल्शियम यांची ही सरमिसळ असावी, असे मला वाटते.

प्रत्यक्ष स्त्रियांच्या हाडांची मोजमापे तर उलट दिशेला जातात. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ६५ ते ७६ वर्षांच्या १२५६ स्त्रियांची पाहणी झाली आणि ती २००० साली प्रसिद्ध झाली. तीत चहा पिणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे पाच टक्के जास्त आढळली, मग चहात दूध असो वा नसो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे ७० ते ८५ वर्षांच्या स्त्रियांवर चार वर्षे लक्ष ठेवले गेले. त्या काळात चहा पिणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता १.६ टक्के घटली, तर न पिणाऱ्यांची ४ टक्के. यावरून चहा हे औषध आहे असे कोणी ठरवू नये, कारण अशा पाहणीत चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयीही मिसळलेल्या असतात. चहा हाडांचा वैरी नाही, एवढे मात्र म्हणता येते. सावधगिरीची बाजूही आहे: पाळी गेलेल्या स्त्रियांवर १९९४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या आहारात दिवसाला ८०० मिलिग्रॅमहून कमी कॅल्शियम होते त्यांच्याच हाडांची झीज दोन-तीन कप कॉफीइतक्या कॅफीनने वाढलेली दिसली. पोटात पुरेसे कॅल्शियम असले की कॅफीनचे फारसे चालत नाही. ते पुरेसे नसणे हीच आपल्या घरांतली अडचण आहे.

पायरी पहिली: आपला कप मोजावा

‘दोन वेळा घेते’ हे उत्तर कामाचे नाही. स्वयंपाकघरातले मोजपात्र घ्यावे, आपण रोज ज्यात चहा घेतो ते भांडे नेहमीइतके पाण्याने भरावे आणि ते पाणी मोजावे. माझ्या घरी कपबशीचा कप १३० मिलिलिटरचा निघाला, स्टीलचा पेला १५० चा आणि मुलीने भेट दिलेला मग २८० चा. ‘एकच कप’ म्हणून मी संध्याकाळी जे पीत होते ते दोन कप होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरले आहे आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. कडक, पाचसात मिनिटे रटरटवलेला चहा वरच्या आकड्याजवळ धरावा. म्हणजे असे चार कप मर्यादेत बसतात. तीन मोठे मग बसत नाहीत. नुसता गवती चहा, आले किंवा तुळस घालून उकळलेले पाणी यांत कॅफीन नसते, तेव्हा चौथ्यापाचव्या वेळेसाठी ते उत्तम. चहापूड घालून वर गवती चहाची पात टाकली तर मात्र तो चहाच राहतो.

ज्यांना पाळी जाताना अंगातून एकदम वाफा येतात, त्यांनी आठवडाभर हेही लिहून पाहावे की कढत चहानंतर त्या वाढतात का. काहींच्या वाढतात, काहींच्या नाही.

पायरी दुसरी: दिवसाचे कॅल्शियम मांडावे

पाळी गेल्यानंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. एक साधा शाकाहारी दिवस मांडून पाहू. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीन कप चहात प्रत्येकी ५० मिलिलिटर दूध गेले, तर त्यातून १८० मिळाले. दुपारी वाटीभर घरचे दही म्हणजे आणखी १८० च्या आसपास. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३६० असते; ४० ग्रॅम पिठाची एक भाकरी झाली तर १४५. पोळी, वरण, भात आणि भाजी यांतून दीडपावणेदोनशे धरू. एकूण ६८० च्या जवळपास बेरीज येते आणि पाचशेहून अधिकची तूट उरते. दही व भाकरी या दोन्ही ज्या घरी रोज नसतात, तिथे बेरीज चारशेच्याही खाली जाते. चहामुळे जाणारे दहा मिलिग्रॅम आणि ही पाचशेची तूट शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे काळजी कशाची करायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

तूट भरायची तर रात्री किंवा न्याहारीला २०० मिलिलिटर दूध घेतल्यास २४० मिळतात आणि ५० ग्रॅम पनीर खाल्ल्यास जवळपास तेवढेच. दूध पचत नसेल तर दही व ताक बहुतेकांना चालते. ताक मात्र खरोखर ताक असावे, दह्याचे पांढरे पाणी नव्हे. भाजलेल्या तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि राजगिऱ्याचे लाडू हे आपल्याकडचे जुने साठे आहेत. कढीपत्ताही पानाच्या कडेला काढून न ठेवता वाळवून चटणीत कुटून घालावा. मासे खाणाऱ्या घरांत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, अख्खाच खाल्ला जाणारा सुका जवळा ही कॅल्शियमची मोठी सोय आहे, फक्त त्यातले मीठ धुऊन काढावे. तिळाच्या सालीत आणि अळू-पालकात ऑक्झलेट असते, त्यामुळे त्यांचा कागदावरचा आकडा पुरता अंगी लागत नाही; म्हणून सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. दूध उकळल्याने किंवा चहात घातल्याने त्यातले कॅल्शियम नष्ट होते, ही समजूत मात्र खुशाल सोडून द्यावी.

पायरी तिसरी: सकाळचा क्रम लावून घ्यावा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. पन्नाशीनंतर उशाशी गोळ्यांची डबी येते, आणि आपल्याकडे गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळण्याची पद्धत आहे.

थायरॉइडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, उपाशीपोटी आणि साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने घ्यावा. कॅल्शियमची गोळी त्यापासून चार तास दूर ठेवावी, कारण पोटात दोन्ही एकत्र आल्या की थायरॉइडच्या गोळीचे शोषण घटते. पुढच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडत असल्याचे सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेला दिसतो, डॉक्टर मात्रा वाढवतात आणि मूळ चूक तशीच चालू राहते. माझ्या एका मावशीचे दीड वर्ष हेच चालले होते. दोन्ही गोळ्या ती सकाळी सहाला, एकाच कपाबरोबर घेत असे.

हाडे ठिसूळ झाल्याचे निदान होऊन ॲलेंड्रोनेट सुरू झाले असेल, तर नियम आणखी कडक आहेत. ही गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच असते. त्या दिवशी उठल्यावर काहीही खाण्यापिण्याआधी ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळावी, पुढचा अर्धा तास आडवे होऊ नये आणि त्या अर्ध्या तासात चहा, दूध किंवा दुसरी गोळी घेऊ नये. चहाबरोबर घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते, आणि गोळी घेऊन पुन्हा लवंडल्यास अन्ननलिकेला इजा होऊ शकते. वार ठरवून ठेवला म्हणजे विसर पडत नाही. थायरॉइडची गोळीही चालू असेल, तर त्या सकाळचा क्रम डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावा.

कॅल्शियमची गोळी घेताना वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असले तरी त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते, कारण या क्षारात त्याचा वाटा ४० टक्के आहे. शरीर एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच नीट शोषते. म्हणून दोन गोळ्या सांगितल्या असतील तर एक दुपारच्या आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी. कार्बोनेटला पोटातले आम्ल लागते, त्यामुळे ती जेवणाबरोबरच हवी. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांना कॅल्शियम सायट्रेट जास्त सोयीचे पडते, ते रिकाम्या पोटीही चालते. आहारातून जेवढे मिळत नाही तेवढेच गोळीतून घ्यायचे आहे, बाराशेच्या बाराशे गोळीतून नव्हे. आणि मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही.

जेवण आणि चहा यांत दोन्ही बाजूंनी तासाभराचे अंतर ठेवावे. हे कॅल्शियमपेक्षा लोहासाठी आहे. पाळी गेल्यावर लोहाची गरज कमी होते, पण आधीच्या वर्षांतला पंडुरोग लगेच भरून निघत नाही, आणि चक्कर येऊन पडण्याचे ते एक कारण ठरते. लोहाची गोळी चहा आणि कॅल्शियम या दोघांपासूनही लांब घ्यावी. माझा दिवस आता असा लागला आहे: उठल्यावर थायरॉइडची गोळी, तासाने पहिला चहा, त्यानंतर तासाने न्याहारी, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, साडेतीनला दुसरा चहा. सहानंतर चहा नाही, कारण त्याने माझी झोप उडते. रात्री लघवीसाठी अंधारात चाचपडत उठणे हे खुब्याचे हाड मोडण्याचे सरळ निमंत्रण आहे.

पायरी चौथी: बशीत काय आहे ते पाहावे

चहाबरोबर खारी, फरसाण, चकली किंवा शेव आली की मीठ येते. जास्तीचे मीठ मूत्रपिंडातून बाहेर पडताना कॅल्शियमला सोबत घेऊन जाते. सहा ग्रॅम मिठामागे सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे चहाच्या कपापेक्षा कितीतरी जास्त. लोणचे आणि पापड यांचाही हिशेब त्यातच धरावा. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याएवढे असावे. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा तिळाची वडी बशीत ठेवणे काही अवघड नाही.

पाणी कुठले, हेही विचारावे

चहाचे झुडूप मातीतले फ्लोराइड पानात साठवते. नेहमीच्या तीनचार कपांतून ते त्रासदायक होत नाही. अतिरेक केला तर काय होते, याचे उदाहरण २०१३ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आले होते: मिशिगनमधील ४७ वर्षांची एक स्त्री रोज शंभर ते दीडशे टी-बॅगचा चहा सतरा वर्षे पीत होती आणि तिची हाडे फ्लोराइडने विकृत झाली होती. आपल्याकडे कोणी एवढा चहा पीत नाही, पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. अशा ठिकाणी लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर आकडा असेल, तर पिण्याचा आणि चहाचाही पाणवठा बदलावा लागतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्याने दाट होते.

पायरी पाचवी: ऊन आणि वजन

ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम पोटात जाऊनही आतड्यातून फारसे पुढे सरकत नाही. सकाळचे कोवळे उन्ह अंगाला बरे वाटते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण साधारण अकरा ते तीनच्या उन्हात असतात. तेव्हा दुपारचा कपडे वाळत घालण्याचा किंवा गच्चीत पापड पाहण्याचा वेळ हात उघडे ठेवून सार्थकी लावावा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हिवाळ्यात तेही मिळत नाही. तिथली आरोग्ययंत्रणा ऑक्टोबर ते मार्च रोज ४०० युनिट घेण्याचा सल्ला देते. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडे दिली जाते आणि पुष्कळजणी ती वर्षानुवर्षे आपल्या मनाने चालू ठेवतात. तसे करू नये. ड जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अति झाल्यास रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढते.

हाडावर भार पडला तरच ते भरते. रोज अर्धा तास झपाट्याने चालावे, जिने चढावेत, आणि ओट्याला धरून पंचवीस वेळा टाचा उचलाव्यात. चहाचे आधण येईपर्यंत एवढे सहज होते.

पायरी सहावी: तपासणी

हाडांची घनता मोजण्याची खरी तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. शिबिरात टाचेवर यंत्र लावून जो आकडा देतात तो फार तर इशारा समजावा, त्यावरून औषध सुरू करू नये. डेक्साच्या कागदावर ‘टी-स्कोअर’ असतो: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच हाडे ठिसूळ होण्याचा विकार. पासष्टीनंतर ही तपासणी सर्वांनीच करावी. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या असतील, आईच्या खुब्याचे हाड मोडले असेल किंवा किरकोळ पडण्याने स्वतःचे मनगट मोडले असेल, तर पासष्टीची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे.

ज्याला एक पैसाही लागत नाही असे मोजमाप घरीच आहे. वर्षातून एकदा, शक्यतो सकाळीच, अनवाणी पायांनी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहावे, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवून कोणाकडून तरी पेन्सिलीची रेघ मारून घ्यावी आणि शेजारी तारीख लिहावी. मुलांची उंची जिथे मोजली होती तीच चौकट चालेल. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर, किंवा एकदोन वर्षांत दोन सेंटिमीटर फरक पडला, तर मणका न दुखताही दबलेला असू शकतो. तेव्हा पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा आणि डॉक्टरांकडे जाताना त्या तारखा सोबत लिहून न्याव्यात.